७५ इंची पॅनलवर पोरांचा हात पोचत नाही, मग बटणं खाली का येत नाहीत?

फळा७५: शाळेत ७५ इंची टच पॅनल आलाय, म्हणजे रुंदी साधारण १६५ सेंमी आणि उंची ९३. भिंतीवर लावल्यावर तिसरीतलं पोरगं टाचा उंच करून उड्या मारतं तरी वरच्या कोपऱ्यातली बंद करायची फुली काही त्याला दाबता येत नाही. माझं म्हणणं, स्क्रीन मोठा केलात तर लांबची वस्तू हाताशी आणायची सोय त्यातच द्या. २०१४ च्या आयफोन ६ मध्ये होम बटणावर दोनदा हलकं बोट टेकवलं की सगळा स्क्रीन खाली सरकायचा, ४.७ इंचाला जे सुचलं ते ७५ इंचाला का नको?

वायरमन: नाही पटत. पॅनल वीतभर खाली लावा. वस्तू हलवायला लागलात की काय कुठंय हे पोरांच्या लक्षातच राहणार नाही.

फळा७५: खाली लावला की मागच्या बाकावरच्यांना पुढच्यांची डोकीच दिसतात हो! बघायची उंची वेगळी, हात लावायची वेगळी, सगळं अडतंय ते इथंच.

दोनस्क्रीनवाली: वायरमन, मूळ वस्तू हलवायची गरजच नाही. २००३ मध्ये संशोधक पॅट्रिक बाउडिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ड्रॅग-अँड-पॉप मांडलं, तुम्ही आयकॉन ज्या दिशेला ओढायला लागता तिकडच्या फोल्डरांच्या प्रती तेवढ्यापुरत्या जवळ येतात, मूळ फोल्डर जागेवरच, मध्ये रबरासारखा ताणलेला पट्टा दिसतो. साडेचार मीटर रुंद, भिंतीएवढ्या स्क्रीनवर लोकांनी नेहमीच्या ओढण्यापेक्षा आयकॉन ३.७ पटीपर्यंत लवकर टाकले.

कोपराप्रेमी: पण कोपरे वाईट नाहीत. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्सचा १९५४ चा नियम बघा, लक्ष्य लांब आणि लहान असेल तर वेळ जास्त लागतो, पण कर्सर कडेला अडतो म्हणून कोपऱ्यातलं बटण न बघता माउस भिरकावून गाठता येतं. कडेची ही सोय घालवू नका.

दोनस्क्रीनवाली: एका मॉनिटरला खरंय. शेजारी दुसरा लावला की मधली कड संपली, कर्सर थेट पलीकडे जातो. मी तर पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या विंडोजसाठीच्या साधनांतलं माउस जंप वापरते, दोन्ही स्क्रीनचं छोटं चित्र कर्सरपाशी येतं, हवं तिथं क्लिक केलं की कर्सर तिथं, मनगटाला केवढा आराम.

फळा७५: आणि टचला तर कड कामाचीच नाही, बोट कुठं अडतंय? माउस थोडा हलवून कर्सर लांब नेता येतो, हाताला तेवढंच अंतर खरोखर जावं लागतं.

वायरमन: ड्रॅग-अँड-पॉपमध्ये जवळ काय आणायचं ते मशीन अंदाजानं ठरवणार. तीस आयकॉन असले तर गर्दी, चुकीचंच आलं तर परत ओढा. मोठ्यांना जमेल, तिसरीतल्याला नाही.

फळा७५: मग निदान एवढं करा, बोट टेकवलं तिथंच टूलबार उघडू दे, पेन, खोडरबर, फुली सगळं त्यात.

वायरमन: टूलबार मान्य. धड्याचं पान खालीवर सरकवायला मात्र माझा विरोधच.