मदत हवी आहे: पुराच्या बातमीत जुनी दृश्यं, चुकीची पातळी आणि एकतर्फी चर्चा. तक्रार कुठे आणि कशी करायची?

पंचगंगाकाठ
एका मराठी वृत्तवाहिनीने परवा रात्री 9 च्या बातम्यांत 'पंचगंगेने धोका पातळी ओलांडली' अशी पट्टी चालवली. त्या वेळी कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी 40 फूट 6 इंच होतं. इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. सोबत शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली असल्याची दृश्यं दाखवली, ती 2019 ची. परवा महामार्ग सुरू होता. पुढच्या चर्चेत चार पाहुणे, आणि चौघांचं म्हणणं एकच: पूर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळेच. शेवटी निवेदक म्हणाले, 'समितीच्या अहवालातही हेच सिद्ध झालंय.'
चॅनेलच्या फेसबुक पानावर लिहिलं, उत्तर नाही. प्रेस कौन्सिलकडे पाठवू का? 'चॅनेल पक्षपाती आहे' एवढं लिहून चालेल का?

नियमसहा
प्रेस कौन्सिलकडे नको. त्यांचं काम वर्तमानपत्रं आणि वृत्तसंस्थांपुरतं आहे, टीव्ही त्यात येत नाही. तक्रार परत येईल आणि तेवढ्यात मुदत निघून जाईल.

पहिली पायरी चॅनेलच. फेसबुकवरची टिप्पणी तक्रार धरली जात नाही. चॅनेलच्या संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतं, त्या पत्त्यावर लिहा. केबल टीव्ही नियमांत 2021 साली दुरुस्ती झाली, त्यानुसार चॅनेलने 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. निर्णय पटला नाही किंवा आलाच नाही, तर पुढच्या 15 दिवसांत चॅनेल ज्या स्वनियामक संस्थेचं (चॅनेलांनी स्वतःवर देखरेखीसाठी नेमलेल्या) सदस्य आहे तिच्याकडे अपील. त्यानंतर केंद्राचं माहिती व प्रसारण मंत्रालय.

संस्था एकच नाही. बरीच मोठी चॅनेलं एनबीडीए या वृत्तवाहिन्यांच्या संघटनेची सदस्य आहेत, त्यांच्या तक्रारी तिचीच संस्था एनबीडीएसए ऐकते. काही चॅनेलं एनबीएफ या दुसऱ्या संघटनेकडे आहेत. सदस्ययादी आधी बघा. एनबीडीएसएच्या मुदती आणखी कडक आहेत: पहिल्या प्रसारणापासून 7 दिवसांत चॅनेलकडे तक्रार गेली पाहिजे. यूट्यूबवर व्हिडिओ कधी चढवला ते मोजू नका, टीव्हीवर कधी दाखवलं ते धरा. परवाची बातमी आहे, म्हणजे आजच लिहायला बसा.

टाइमकोड
'पक्षपाती' हा शब्द तक्रारीत नसला तरी चालेल. तीन मुद्दे वेगळे करा, कारण चॅनेलचं उत्तर प्रत्येकावर वेगळं येणार.

पातळी ही तथ्याची चूक. पट्टीचे शब्द जसेच्या तसे, तारीख, वेळ आणि त्या वेळेच्या सर्वांत जवळची जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाची नोंद द्या. सकाळची नोंद रात्रीच्या बातमीला लावली, तर 'तोवर पाणी वाढलं होतं' म्हणून मोकळे होतील. ठिकाणही लिहा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा 40 आणि धोका 45 फूट आहे, दोन्ही ठिकाणचे आकडे नेहमी एकमेकांत मिसळतात.

दृश्यं जुनी आहेत हे नुसतं सांगून भागत नाही. व्हिडिओतली दोन-तीन ठळक चित्रं थांबवून काढा, एखादा फलक, पुलाचा कठडा, अडकलेला ट्रक दिसेल अशी. ती गूगल लेन्सवर शोधा आणि 2019 च्या मूळ व्हिडिओतलं तेच चित्र शेजारी लावा. सापडलं नाही तर चित्र आडवं उलटवून शोधा, जुनी दृश्यं बऱ्याचदा आरशासारखी उलटवून वापरतात. पडद्यावर 'संग्रहित' असं कुठे बारीक अक्षरात होतं का, तेही नीट बघा. असेल तर हा मुद्दा ढासळतो, आणि त्याच्यासोबत बाकीच्यांवरचा विश्वासही. आपत्तीच्या दृश्यांवर तारीख-वेळ दाखवा, असं मंत्रालयाने ऑगस्ट 2024 मध्ये खासगी चॅनेलांना कळवलं होतं. त्याचा उल्लेख करा.

बंधारा
चर्चेबद्दल. चौघांचं मत एक असणं हा एकटा मुद्दा घेतला, तर चॅनेल म्हणेल, 'दुसऱ्या बाजूला बोलावलं होतं, आले नाहीत.' तुमचा खरा मुद्दा निवेदकाच्या शेवटच्या वाक्यात आहे. 2019 च्या महापुरावर नेमलेल्या वडनेरे समितीने तर अलमट्टीमुळे पूर आला नाही, असाच निष्कर्ष काढला होता. तो निष्कर्ष कुणाला पटत नसेल, त्यावर जरूर वाद घाला, धरणाची उंची 519.60 वरून 524.256 मीटर करायला विरोधही करा. पण समितीच्या तोंडी उलटं वाक्य घालणं ही तथ्याची चूक आहे. निवेदकाने नक्की कोणती समिती म्हटलं ते मात्र पुन्हा ऐका. नाव घेतलं नसेल तर 'कोणता अहवाल, कोणतं पान' असा प्रश्न तक्रारीतच विचारा.

एनबीडीएसएची मार्गदर्शक तत्त्वं इथे उपयोगी पडतात: तथ्य आणि मत यांची सरमिसळ नको, वादग्रस्त विषयात वेगवेगळी मतं यावीत, चूक झाली तर लवकर आणि ठळकपणे दुरुस्त करावी.

पंचगंगाकाठ
खूप आभार. मी ॲपवरून स्क्रीन रेकॉर्ड केलं तर नुसता काळा पडदा आला. यूट्यूबवर चर्चा आहे, बातमीपत्र नाही. मग पुरावा?

टाइमकोड
ॲपमध्ये नक्कल रोखायची सोय असते, म्हणून काळं येतं. पुनःप्रसारण असेल तर दुसऱ्या फोनने थेट टीव्हीचं चित्रण करा, लोगो आणि पडद्यावरचं घड्याळ दोन्ही चौकटीत ठेवून. नसेल तरी थांबू नका. चॅनेलला 90 दिवसांचं प्रक्षेपण जपून ठेवावंच लागतं. तारीख आणि वेळ मिनिटापर्यंत द्या आणि 'हे चित्रण निर्णय होईपर्यंत पुसू नये' असं वाक्य घाला. यूट्यूबची चर्चा आजच उतरवून घ्या. तक्रार गेल्यावर तो भाग कापला जाऊ शकतो.

मराठी वाक्यं जशी बोलली तशी लिहा, शेजारी इंग्रजी भाषांतर. पुढे दिल्लीत वाचणाऱ्याला मराठी येईलच असं नाही.

नियमसहा
आणखी दोन गोष्टी. याच विषयावर कोर्टात गेलात तर एनबीडीएसए तक्रार घेत नाही, प्रकरण प्रलंबित नाही असं लिहून द्यावं लागतं. आणि काय हवंय ते स्पष्ट मागा. दंडाची कमाल मर्यादा 2023 साली 1 लाख होती, मोठ्या चॅनेलला ती काहीच नाही. त्यापेक्षा त्याच 9 च्या बातम्यांत, तेवढ्याच ठळक पट्टीने दुरुस्ती आणि यूट्यूबवरची चर्चा काढणं किंवा सुधारणं, हे मागा. मसुदा झाला की इथे टाका, चॅनेलचं नाव गाळून. रात्री बघतो.