मदत हवी आहे: आयबीला थिएटर हायर लेव्हल घेतलंय, पण लेकीला रंगमंचावर उभंच राहायचं नाही

सायंप्रकाश

नमस्कार मंडळी,

लेक अकरावीत आहे, आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) डिप्लोमाला. सहापैकी तीन विषय हायर लेव्हलला, म्हणजे जास्त खोलात: गणित, भौतिकशास्त्र आणि थिएटर. बाकीचे स्टँडर्ड लेव्हलला. थिएटर तिने स्वतः निवडलं. आम्ही दोघंही आकडेमोडीत आयुष्य काढलेली माणसं, नाटक म्हणजे तिकीट काढून बघायची गोष्ट एवढीच आमची ओळख. म्हणून इथे विचारतेय.

अडचण अशी की तिला अभिनयात रस नाही. शाळेच्या नाटकात ती कायम लाइटच्या बोर्डवर. कुठल्या वाक्याला स्पॉट बारीक करायचा, ब्लॅकआऊट किती वेळ धरायचा, यावर ती न थकता बोलेल. पण "चार वाक्यं म्हणून दाखव" म्हटलं की मान खाली. तिची समजूत होती की थिएटर म्हणजे प्रकाशयोजना आणि नेपथ्यही भरपूर शिकायला मिळणार. आता दोन वर्षांचा आराखडा हातात आलाय आणि घरात सुतकी शांतता आहे.

मला कळलं ते असं, चुकत असेल तर सांगा. लेखी परीक्षा नाहीच. स्टँडर्ड लेव्हलला तीन कामं: आधी न अभ्यासलेली एक प्रकाशित संहिता घेऊन ती कशी बसवणार हे मांडणारं प्रॉडक्शन प्रपोजल (३० टक्के), जगातल्या एखाद्या नाट्यपरंपरेवरचं रिसर्च प्रेझेंटेशन (३० टक्के) आणि गटाने मिळून नवं नाटक रचण्याचं कोलॅबरेटिव्ह प्रोजेक्ट (४० टक्के). हायर लेव्हलला हीच तीन कामं २०, २० आणि २५ टक्क्यांवर येतात आणि उरलेले ३५ टक्के सोलो पीसला. चार ते सात मिनिटं, एकटीने, सलग चित्रीकरण, मध्ये कात्री नाही. म्हणजे सगळ्यात मोठा वाटा नेमका तिला नको असलेल्या गोष्टीला!

तर हायर सोडून स्टँडर्डला यावं का? दुसरं म्हणजे परंपरा कोणती घ्यावी. ती लहानपणी थोडं नृत्य शिकलीय म्हणून हे म्हणतात कथकली घे, तिला 'नो' हा जपानी नाट्यप्रकार खुणावतोय. आणि गटातली बाकीची मुलं जोरदार नट आहेत. त्यांच्या गडबडीत हिचं काम कुणाला दिसणार?

तिसरी घंटा

हा विषय शिकवते, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

टक्के तुम्ही बरोबर लिहिलेत. पण सोलो म्हणजे एकपात्री अभिनय किंवा लांबलचक स्वगत, हे डोक्यातून काढून टाका. "काय रडली हो पोरगी!" याला इथे गुण नाहीत. विद्यार्थ्याने एखाद्या नाट्यविचारवंताच्या सिद्धान्ताचा एक पैलू उचलायचा, त्यावर छोटा प्रयोग उभा करायचा, आणि प्रेक्षकापर्यंत काय पोचावं असं वाटत होतं, काय पोचलं, हे अहवालात तपासायचं. निम्मी मुलं सवयीने स्तानिस्लाव्हस्की किंवा ब्रेख्त घेतात. वाईट नाही, पण बऱ्याचदा वर्गात ऐकलेलंच पुन्हा गिरवलं जातं. शिवाय विचारवंत आधी न अभ्यासलेला हवा असतो.

तुमच्या लेकीसाठी माझ्या डोळ्यासमोर लगेच आला तो अडॉल्फ अप्पिया (१८६२–१९२८). स्विस माणूस. त्याच्या काळी रंगमंचावर मागे रंगवलेले सपाट पडदे असत आणि पुढे हाडामांसाचा नट. पडद्यावरचं झाड नीट दिसावं म्हणून सगळीकडे सारखा उजेड टाकायचा, आणि त्याच उजेडात नटसुद्धा पडद्यासारखा सपाट व्हायचा. अप्पियाला हे खटकलं. पडदे काढा, पायऱ्या, चौथरे, उतार आणा, म्हणजे नटाच्या शरीराला खऱ्या वस्तूंशी झुंजावं लागेल. आणि उजेडाचे त्याने दोन प्रकार केले: नुसतं दिसावं म्हणून पसरलेला उजेड, आणि सावली पाडून आकार घडवणारा उजेड. १८९९ मध्ये त्याचा मोठा ग्रंथ आला, तेव्हा विजेचे दिवे नाटकात अजून नवेच होते.

आता तिला एक करून बघायला सांगा. खुर्चीवरून उठायचं, तीन पायऱ्या चढायच्या, वर जाऊन मागे वळायचं. संवाद नाही. एकदा समोरून सपाट उजेडात, एकदा फक्त डावीकडच्या एका दिव्यात. हालचाल दोन्ही वेळा तंतोतंत तीच. पहिल्या वेळी एक मुलगी पायऱ्या चढताना दिसेल. दुसऱ्या वेळी वळताना अर्धा चेहरा अंधारात जाईल आणि बघणाऱ्याला प्रश्न पडेल, ही निघाली आहे की परत येणार आहे? तिथून सोलो सुरू होतो. लाइटच्या बोर्डवर बसून जे तिला आधीच कळतं, तेच आता दिव्याच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून करायचं आहे.

परंपरेबद्दल वेळ मिळाला की लिहिते.

विंगेतून

ताई, अप्पिया झकास, पण एक धोक्याची घंटा (तुमच्याच नावाची उसनी घेतो) वाजवतो. मीही नेपथ्याकडून या विषयात शिरलेला माणूस. दिव्यांवर प्रेम असणाऱ्या मुलांचा सोलो बघता बघता दिव्यांचं प्रात्यक्षिक होऊन बसतो. निळा, लाल, बाजूने, वरून, आणि मध्ये मूल खांबासारखं उभं. अप्पियाच्या विचारात केंद्रस्थानी नटाचं शरीर आहे, प्रकाश त्याच्या सेवेला. त्यामुळे शरीर तयार करावंच लागेल. रोज थोडा वेळ नुसतं चालणं, थांबणं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं. पाठांतर नाही, संवाद नाही, म्हणून लाजही कमी वाटते असा माझा अनुभव.

आणि सायंप्रकाश, हायर सोडण्याचा विचार करताना एक हिशेब बघाच. डिप्लोमाला किमान तीन विषय हायरला लागतात. थिएटर खाली आणलं तर दुसरा कुठला तरी वर न्यावा लागेल, आणि हायरचे शिफारस केलेले तास २४०, स्टँडर्डचे १५०. तो फरक मधूनच भरून काढणं सोपं नसतं. "थिएटर जड जातंय" म्हणून सुटका करून घ्यायची आणि रसायनशास्त्र हायरला नेऊन बसवायचं, यात सुटका कसली? बदलायचंच असेल तर या सत्रातच शाळेशी बोला.

काळा पडदा

थोडं अवांतर. आमच्याकडे मुलगा ब्रिटिश ए लेव्हलला ड्रामा अँड थिएटर करतोय, एक्यूए मंडळ. तिथे ४० टक्क्यांचा तीन तासांचा लेखी पेपर आहे, संहिता सोबत नेता येते. उरलेले ३० आणि ३० प्रत्यक्ष कामाला. त्या दोन्ही भागांत ते काम अभिनयाऐवजी प्रकाश, ध्वनी, वेशभूषा अशा बाजूंनीही करता येतं, त्यामुळे तुमच्या मुलीसारख्यांना तो रस्ता सोयीचा. अर्थात आता बोर्ड बदला असं नाही म्हणत!

आयबीत लेखी परीक्षा नाही हे ऐकून मात्र हुरळून जाऊ नका. परीक्षा नाही म्हणजे शेवटच्या महिन्यात अभ्यास करून वेळ मारून नेण्याची सोयही नाही.

तिसरी घंटा

विंगेतून यांचा मुद्दा मान्य. शरीराचं काम टाळता येणार नाही.

आता परंपरा. कथकली की नो, हा प्रश्नच मला जरा चुकीच्या टोकाने धरलेला वाटतो. प्रेझेंटेशन पंधरा मिनिटांच्या आत बसवायचं असतं, त्यात अख्खी परंपरा मावत नाही. एकच संकेत उचलायचा, तोही स्वतः करून बघता येईल असा. "नो" नाही, तर नोमधलं टाच न उचलता जमिनीवरून सरकत चालणं. "कथकली" नाही, तर फक्त नेत्राभिनय. संकेत जितका अरुंद, तितकं खोल जाता येतं. नृत्य येतं म्हणून कथकली घेतली तर येणाऱ्या गोष्टींवरच हात फिरवला जाण्याची भीती आहे, म्हणून तुमच्या यजमानांच्या विरोधात माझं मत.

पण दिव्यांची आवड असेल तर वायांग कुलित बघितलंय का तिने? इंडोनेशियातला चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ. दालांग नावाचा एकच सूत्रधार पडद्यामागे बसतो, सगळ्या बाहुल्या नाचवतो, सगळ्यांचे आवाज काढतो, वर लाकडी पेटीवर ठोके देऊन वादकांना इशारेही करतो. बाहुली पडद्याला टेकवली की सावली रेखीव, दिव्याकडे मागे नेली की मोठी आणि धूसर. राक्षस येतोय हे सांगायला शब्द लागत नाही, हात मागे घेतला की झालं. अंतराने सावली कशी बदलते हे घरात चादर आणि एक बल्ब लावूनही तपासता येईल. मात्र बाहुली हलवताना आवाजही तिलाच काढायचाय, हे आधीच सांगून ठेवते. विषय पक्का करण्याआधी शिक्षकांना विचारा, त्यांनी वर्गात शिकवलेली परंपरा चालत नाही.

विंगेतून

गटाच्या कामाबद्दल कुणीच बोललं नाही. काम दिसत नाही ही तक्रार दर वर्षीची. उपाय एकच, जर्नल, आणि तेही त्याच दिवशी लिहिलेलं. "आज तालीम छान झाली, मी लाइट केले" अशा नोंदीचा पुढे अहवाल लिहिताना शून्य उपयोग. त्याऐवजी असं काही: "तिसऱ्या प्रवेशात सगळे एकदम बोलत होते, प्रेक्षकाने कुणाकडे बघावं कळत नव्हतं. मी सुचवलं की बोलणाऱ्यावर उजेड न टाकता ऐकणाऱ्यावर टाकू. दोघांचा विरोध. करून बघितलं. ऐकणारी मुलगी गप्प होती तरी प्रवेश तिचा झाला. मग तिची दोन वाक्यं काढली." यात तिचा विचार दिसतो, गटाने काय केलं तेही दिसतं, आणि बदल कशामुळे झाला तेही. सोबत प्रकाशाचा आराखडा, खाडाखोडीसकट. स्वच्छ करून पुन्हा काढू नका.

आणि जोरदार नट गटात असणं हे संकट मानू नका हो. प्रकाशयोजना करणाऱ्याला याहून चांगलं काय मिळणार?

सायंप्रकाश

सगळ्यांचे मनापासून आभार. तिने रात्री अख्खा धागा वाचला. पायऱ्यांचा प्रयोग जिन्यात करून झाला, प्रेक्षक आम्ही दोघं. यजमान म्हणाले, "परत येणार आहे." मी म्हटलं, "नाही, निघाली." ती खूश. हायर तूर्त ठेवतोय, सत्र संपायच्या आत शिक्षकांशी बोलणार आहोत. कथकली मागे पडली, नोही डळमळतंय, चादर मात्र दोरीवर चढली आहे.

एक शेवटचं. तिने जिन्यातलं फोनवर चित्रित केलं तर डोळ्यांना दिसलं त्यातलं काहीच आलं नाही. अंधार करडा दिसतो, चेहरा पांढराफटक. सोलोचं चित्रीकरणच पाठवायचं असेल तर अप्पिया परीक्षकाला दिसणार कसा?

तिसरी घंटा

फोन स्वतःहून उजेड जुळवतो, त्यामुळे असं होतं. चौकटीत अंधार जास्त दिसला की तो सगळंच उजळ करतो आणि दिव्याखालचा चेहरा जळून जातो. चित्रीकरण सुरू करण्याआधी चेहऱ्यावरच्या उजेडावर बोट दाबून ठेवा, उजेडाची पातळी तिथेच पक्की होते. मग शेजारी दिसणारी उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. फोन स्टँडवर हवा, झूम नको. शक्य असेल तर हे हाताने ठरवता येणारा कॅमेरा शाळेकडून मागा.

आणि दिवे कॅमेऱ्यात बघूनच ठरवा. डोळ्यांना सुंदर वाटणारा गडद निळा फोनवर बहुधा काळाच येतो. रंगीत तालमीच्या दिवशी पूर्ण सात मिनिटं एकदा चित्रित करून, मोठ्या पडद्यावर लावून बघा. चेहरा आणि हात शेवटपर्यंत ओळखू येत असतील तर पुढे जा, नाहीतर बाजूचा दिवा थोडा समोर आणा.