जास्त घाम म्हणजे जास्त कॅलरी? अनुभव येऊ द्या

आज सिंहगडावर आतकरवाडीच्या वाटेने एक मुलगा प्लास्टिकचं जाकीट घालून चढत होता. साडेनऊचं ऊन. "काका, याने दुप्पट कॅलरी जळतात." मला पंचविशीतला मीच दिसलो. लग्नाआधी वजन उतरवायला मे महिन्यात स्वेटर घालून पर्वती चढायचो. घरी काट्यावर दीड किलो कमी, रात्री जेवून-पाणी पिऊन परत तेवढंच. एकदा पायऱ्यांवर डोळ्यांपुढे अंधारी आली. फुलवाल्या मावशींनी आडवं केलं, पदराने वारा घातला. टोपलीतल्या मोगऱ्याचा वास अजून नाकात आहे. एक लिटर घाम म्हणजे किलोभर पाणी, चरबी नव्हे. चढ तोच, वजन तेच, तर कॅलरीही जवळपास तेवढ्याच. पोराने ऐकलं, जाकीट काढलं. तुमचंही लिहा.

दादरकर: घड्याळ फसवतं पण. पाच किमी, वेग तोच. जानेवारीत नाडी १५०, मेमध्ये १६८. अंग गार ठेवायला रक्त कातडीकडे जातं, म्हणून हृदय जास्त धावतं. घड्याळ नाडी बघून कॅलरी वाढवतं. त्यात मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता टपकतो. मग गारवा कुठला?

मृण्मयी_कॅलगरी: इकडे उणे २०. कुडकुडताना कॅलरी खरंच जळतात, पण चालायला लागलं की दहा मिनिटांत अंग तापतं आणि कुडकुडणं बंद. दम काढतो तो गुडघाभर बर्फ. घरी आल्यावर दोन थालीपिठं लागतातच, जळलेलं सगळं तिथे परत!

सुमाताई: भाजणी मिळते का गं तिकडे? लेक एडमंटनला चाललीय.

मृण्मयी_कॅलगरी: घरीच करते ताई. धने जरा जास्त भाजते. कृती व्यक्तिगत निरोपात पाठवते.

वऱ्हाडी: अकोल्यात भाऊ भरतीसाठी दुपारी पळायचा. उन्हात पळालं की लवकर बारीक होतो म्हणे. एक दिवस मैदानावरच असंबद्ध बोलायला लागला, अंग चटके बसावेत असं तापलेलं. ओल्या चादरीत गुंडाळून दवाखान्यात नेला. वाचला. त्याची ती बडबड आठवली की अजून पोटात गोळा येतो. आता पहाटे पाचला पळतो, मी सायकलवर पाण्याची बाटली घेऊन मागे.

सुमाताई: बाई गं! जपा हो त्याला. धागाकर्ते, त्या मावशी अजून असतात का पर्वतीला?

धागाकर्ता: नाहीत हो. आता त्यांची सून बसते. मोगरा तिच्याकडूनच घेतो.