घरी येणारे नको ते फोन: तुमचे अनुभव सांगा

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर दिवसभर काय काय येतं, हे त्यांच्याशेजारी एखादी दुपार बसल्याशिवाय कळत नाही. कर्ज हवंय का, केवायसी संपलंय, लॉटरी लागली, हयातीचा दाखला घरबसल्या करून देतो. मधूनच एक रिंग देऊन बंद होणारा परदेशी नंबर. ओटीपी देऊ नका, लिंक उघडू नका, या सूचना सगळ्यांना पाठ आहेत, तरी माणसं फसतात. मला वाटतं, फोन करणारा आधी माणसाला एकटं पाडतो आणि मग हवं ते करून घेतो. म्हणून तुमचे अनुभव हवेत. पलीकडचा नेमकं काय बोलला, कुठे खरं वाटलं, घरात कोणाच्या लक्षात आलं, हे शब्दांसकट लिहा. ज्यांचे पैसे गेलेत त्यांनीही लिहावं. ‘एवढं शिकून कसे फसलात’ असं इथे कोणी कोणाला विचारायचं नाही.

नाशिक

माझे सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. व्यवहाराला चोख, पासबुक नेमाने भरून आणणारे. सकाळी फोन आला की त्यांच्या आधार क्रमांकावर पाठवलेलं पार्सल मुंबई विमानतळावर पकडलंय, आत अमली पदार्थ आणि पासपोर्ट सापडलेत. ‘ते माझं नाही’ म्हटल्यावर तो माणूस अदबीने म्हणाला, ‘मग तुमच्या नावाचा गैरवापर झालाय काका. तक्रार नोंदवून टाका, मी लगेच जोडून देतो.’ इथे बाबांना तो आपल्या बाजूचा वाटला. पुढे व्हिडिओ कॉल. गणवेशातला माणूस, मागे पोलिसांचं बोधचिन्ह, अधूनमधून वायरलेसचा आवाज. त्याला बाबांच्या आधारचे आकडे माहीत होते, पेन्शन कुठल्या शाखेत येते तेही माहीत होतं. दार लावून घ्या, कॅमेऱ्यासमोरून उठू नका, घरच्यांना सांगितलंत तर त्यांनाही आरोपी करू.

मी जेवायला हाक मारली तर आतून ‘भूक नाही’. बाबा जेवणाची वेळ कधी चुकवत नाहीत. दार ढकललं तर चेहरा पांढराफटक, हातानेच मला जा म्हणून खुणावलं. समोर एफडीच्या पावत्या मांडलेल्या. ‘पडताळणीसाठी’ सगळी रक्कम एका खात्यात भरायची आणि चौकशी संपली की ती परत मिळणार, असं त्यांना सांगितलं होतं. मी बाहेर येऊन वायफायचा राउटर बंद केला. त्यांच्या फोनचा मोबाइल डेटा बंदच असतो, त्यामुळे कॉल तुटला.

तर ते माझ्यावरच चिडले. ‘आता ते सगळ्यांना घेऊन जातील!’ मी काय सांगेन ते पटेना. शेवटी आमच्या पोलीस ठाण्याला फोन लावून स्पीकरवर ठेवला. तिथल्या महिला अंमलदार म्हणाल्या, ‘काका, व्हिडिओ कॉलवर अटक करायची कायद्यात सोयच नाही. तुम्ही इकडे या, समोर बसून बोलू.’ मग ते रडले.

या ‘डिजिटल अरेस्ट’बद्दल, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या अटकेबद्दल, त्यांना माहीत नव्हतं असं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधान ‘मन की बात’मध्ये याविषयी बोलले, ते त्यांनी रेडिओवर ऐकलं होतं. पण बंद खोलीत, समोर गणवेश आणि कानाशी धमकी असताना त्यातलं काही आठवलं नाही. त्या दिवशी मी घरी नसते तर, हा विचार अजून छळतो.

सोलापूर

मी बँकेत काउंटरवर असते. वरचं वाचून अंगावर काटा आला, कारण याच्या पुढचा भाग आमच्यासमोर घडतो. ही माणसं कॉल चालू ठेवून, फोन खिशात घालून येतात. पलीकडचा सगळं ऐकत असतो. मुदतठेव का मोडताय विचारलं की उत्तर तयार असतं: ‘जागा घेतोय’, ‘मुलीचं लग्न आहे’. उत्तर पटकन येतं, पण नजर वर होत नाही. अशा वेळी मी स्लिपच्या मागे लिहून पुढे सरकवते, ‘फोन चालू आहे का? नुसती मान हलवा.’ एका आजींनी मान हलवली. फोन बाहेर ठेवून त्यांना मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये नेलं. पैसे वाचले.

पैसे गेलेच तर आधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा. घरात कोणाचं चुकलं यावर वाद होईस्तोवर रक्कम चार खात्यांतून फिरून एटीएममधून निघून जाते. किती वाजता, किती रक्कम, कुठल्या खात्यात, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, एवढं हाताशी ठेवा. पैसा वाटेत कुठे पडून असेल तर तिथेच गोठवता येतो. आणखी एक. बँकांनी व्यवहाराविषयीचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून आणि जाहिरातीचे १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून करावेत, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. साध्या मोबाइल नंबरवरून कोणी ‘बँकेतून बोलतोय’ म्हणाला तर फोन ठेवा आणि शाखेत या. आम्हाला राग येत नाही.

कोल्हापूर

आमच्या दुकानात मेसेज आला, ‘आज रात्री साडेनऊला तुमची लाइट तोडली जाईल, या अधिकाऱ्याशी संपर्क करा.’ मालकांनी फोन केला तर म्हणे ॲप उतरवून घ्या. त्यांनी सरळ विचारलं, ‘माझा ग्राहक क्रमांक सांगा बघू.’ तो गडबडला आणि शिव्या द्यायला लागला. महावितरणने केव्हाच सांगून ठेवलंय की ते खासगी मोबाइल नंबरवरून असे मेसेज पाठवत नाहीत.

दादर

मला जुनी गोष्ट सांगायची आहे, कारण या त्रासाची एक बाजू पैशाची नाही. १९९०च्या दशकात आमच्याकडे काळा डायलचा लँडलाइन होता. रात्री अकरानंतर तो वाजायचा. आई-बाबांनी उचलला तर बंद, मी उचलला तर आधी श्वासाचा आवाज, मग घाण बोलणं. नंबर दिसायची सोय नव्हती. बाबांनी उपाय काय केला, तर मी फोन उचलायचा नाही असं ठरवलं. माझ्या मैत्रिणींचे फोनही त्यामुळे बंद झाले. शिक्षा मलाच झाली, ही खंत आजही आहे. आत्याने मात्र मला वही दिली आणि तारीख, वेळ, शब्द सगळं लिहायला लावलं. ती वही घेऊन आम्ही पोलिसांत आणि टेलिफोनच्या ऑफिसात गेलो, माग लागला, आणि फोन थांबले.

आज मुलींना असे फोन आले तर त्यांचा फोन काढून घेऊ नका. पाठलाग करणं, नको म्हटल्यावरही संपर्क साधत राहणं हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. स्क्रीनशॉट आणि कॉलची नोंद जपून ठेवा, ब्लॉक नंतर करा.

न्यू जर्सी

इथे काही वर्षांपूर्वी आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या, नावाने फोन यायचे, ‘आयआरएसमधून बोलतोय, तुमचा कर थकलाय, पोलीस निघालेत, गिफ्ट कार्डांचे नंबर वाचून दाखवा.’ नवीन आलेली, व्हिसावर असलेली मंडळी फार घाबरायची. आमच्या मंडळातल्या एका मावशींना फोनवरच्या मुलाचा उच्चार ओळखीचा वाटला. त्यांनी सरळ मराठीत विचारलं, ‘कुठला रे तू?’ पलीकडे शांतता, मग फोन बंद. पुढे ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, शेकडो तरुण ताब्यात घेतले. बातमी वाचून वाईट वाटलं. नोकरी म्हणून आपल्याकडची पोरं हे करत होती. आता भारतीय दूतावासाचा नंबर दाखवून फोन येतात आणि व्हिसाच्या कागदात चूक आहे म्हणून पैसे मागतात. स्क्रीनवर दिसणारा नंबर खोटा असू शकतो, एवढं आई-वडिलांना नक्की सांगा.

पुणे

‘कुरिअर घेऊन आलोय, पत्ता सापडत नाही, हा नंबर फिरवा म्हणजे डिलिव्हरी बॉय बोलेल.’ तो नंबर *४०१* ने सुरू होत होता. त्याने तुमचे सगळे कॉल दुसऱ्याच्या फोनवर वळतात, मग ओटीपीचा कॉलही त्यालाच. शंका असेल तर ##००२# फिरवा, वळवलेले कॉल रद्द होतात.

रत्नागिरी

बाबांना नवीन सिम घेऊन दिलं आणि वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. आधी तो नंबर ज्याच्याकडे होता त्याने कर्ज थकवलेलं. बंद झालेला नंबर नव्वद दिवस कोणाला देत नाहीत, पण कर्ज देणाऱ्यांच्या यादीत तो तसाच राहतो. ‘तुम्ही त्याचे कोण? पत्ता द्या, नाहीतर माणसं पाठवतो.’ पहाटे, रात्री, केव्हाही. बाबा आयुष्यात कोणाचं दहा रुपये देणं लागत नाहीत, त्यांना हे फार लागलं. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सिमच्या पावतीची प्रत जोडून त्या संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवलं, उत्तर आलं नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलो, तेव्हा नंबर यादीतून निघाला.

नागपूर

मी दोन पैसे मिळावे म्हणून टेलिमार्केटिंगमध्ये काम केलंय. आम्ही १४० च्या नंबरवरून बोलत होतो, कोणाला लुबाडत नव्हतो. नको असेल तर ‘नको’ म्हणा, १९०९ वर डीएनडी, म्हणजे ‘जाहिरातीचे फोन नकोत’ अशी नोंद, करा, पण त्या पोरीच्या आईवरून बोलू नका. आम्हाला मध्येच फोन ठेवायची परवानगी नसायची, सगळं ऐकून घ्यावं लागायचं.

मडगाव

आमची आई इथे एकटी, दोघे भाऊ दुबईला. तिला फोन आला, ‘तुमच्या मुलाला पकडलंय, सोडवायचं तर आत्ता पैसे पाठवा,’ आणि मागे कोणीतरी हुंदके देतंय, ‘आई, आई’ करतंय. आवाज अगदी धाकट्यासारखा, ती आजही तसंच म्हणते. हातपाय गळाले होते, पण तिने विचारलं, ‘त्याला घरात काय म्हणून हाक मारतात, त्यालाच विचार.’ लगेच फोन कट. तरी धाकट्याशी बोलणं होईपर्यंत ती खाली बसली नाही.

त्यानंतर आम्ही घरचा एक शब्द ठरवलाय. पैशाचा किंवा संकटाचा फोन आला, मग तो कोणाच्याही आवाजात असो, आधी तो शब्द विचारायचा. कुठेही लिहून ठेवायचा नाही, मेसेजवर तर मुळीच नाही. चवथीला सगळे घरी जमतात, तेव्हा आई नवा शब्द ठरवते आणि नातवंडांकडूनही म्हणून घेते.