आयआयटीपेव्ह (रस्त्याच्या थरांतले ताण आणि स्ट्रेन काढणारं सॉफ्टवेअर): एकाच खोलीवर दोन ओळी, रटिंगसाठी (चाकोरी खचण्याच्या तपासणीसाठी) कोणती धरायची?

सबग्रेड_८:
राज्य मार्गाचं डिझाइन आयआरसी ३७-२०१८ (डांबरी रस्त्यांच्या डिझाइनची भारतीय मार्गदर्शिका) प्रमाणे चालू आहे. ३० एमएसए (दशलक्ष प्रमाण अक्षभार), सबग्रेडचा (रस्त्याखालच्या मातीच्या थराचा) सीबीआर, म्हणजे भार पेलण्याची ताकद, ८ टक्के. बीसी (वरचा डांबरी थर) ४० आणि डीबीएम (त्याखालचा डांबरी थर) १०० मिमी, दोन्ही व्हीजी-४० (डांबराची प्रत), मॉड्युलस (थराची ताठरता) ३००० एमपीए. खाली खडीचे दोन थर, डब्ल्यूएमएम २५० आणि त्याखाली जीएसबी २०० मिमी. सबग्रेडला ८० आणि खडीच्या थराला २५० एमपीए भरलेत. ५९० मिमी खोलीवर प्रत्येक बिंदूला दोन ओळी येतात, एकीला ‘एल’ लागलेला. दोन्हींतला ईपीझेड (उभा स्ट्रेन) वेगळा आहे. कोणता घ्यायचा?
याच कामात जुन्या रस्त्यावर ओव्हरलेही (वरून नवा थर) आहे. तिथे केजीपीबॅकमध्ये (भाराखाली रस्ता किती दबला यावरून थरांचे मॉड्युलस उलट काढणारं सॉफ्टवेअर) खडीचा मॉड्युलस बहुतेक ठिकाणी वरच्या मर्यादेला चिकटतो.

खडी_मुरूम:
‘एल’ची ओळ घ्या. ती सांध्याच्या लगेच खालची, म्हणजे सबग्रेडच्या माथ्याची. बिगर-एल ओळ जीएसबीच्या तळाची असते आणि तिथला स्ट्रेन कमी दिसतो, म्हणून चुकून तीच धरली तर डिझाइन खोटंच पास होतं. १४० मिमीवर मात्र ईपीटी आणि ईपीआर (आडवे स्ट्रेन) दोन्ही ओळींत सारखेच येतील, कारण थर एकमेकांना चिकटलेले धरले आहेत. ईपीटी आणि ईपीआर यांतला मोठा घ्या. चाकाच्या मध्यापासून ० आणि १५५ मिमी, दोन्ही बिंदू तपासा. वजा चिन्ह म्हणजे दाब.

पण त्याआधी सबग्रेडचे ८० बदला! १० गुणिले सीबीआर हे सूत्र ५ टक्क्यांपर्यंतच चालतं. पुढे १७.६ × सीबीआरचा ०.६४ घात, म्हणजे ६६.६. मग ४५० मिमी खडीला ०.२ × ४५०चा ०.४५ घात × ६६.६, म्हणजे २०८. तुमचे २५० त्या ८० मुळेच आलेत. चाकाचा भार २०००० न्यूटन, टायरचा दाब ०.५६ एमपीए, पॉयसन गुणोत्तर ०.३५.

९० टक्के विश्वसनीयतेला सबग्रेडवर उभा स्ट्रेन ०.०००४१६ पर्यंत चालेल. डांबराच्या तळाला आडवा स्ट्रेन ०.०००२०३, पण तो हवेची पोकळी ३.५ आणि बिटुमेन ११.५ टक्के (आकारमानाने) धरून. साइटवर पोकळी वाढली की हा आकडा उरत नाही.

थर_मोजा:
केजीपीबॅकचं: मॉड्युलस मर्यादेला चिकटला की आधी जाडीवर संशय घ्या. खरी खडी भरलेल्या जाडीपेक्षा जास्त असेल, तर सॉफ्टवेअर ती कसर मॉड्युलस फुगवून भरून काढतं. टेस्ट पिट (थर मोजायला खणलेले खड्डे) घेतलेत का?

सबग्रेड_८:
एकच घेतला. रेकॉर्डवर ४५० आहे, निघाली ६००. मर्यादा वाढवू का?

थर_मोजा:
नको, जाडी दुरुस्त करा आणि आणखी पिट घ्या. एका पिटवर अख्खा रस्ता सोडवू नका. सेन्सरची अंतरं मिमीमध्येच आहेत ना, डिफ्लेक्शन (भाराखालचं दबणं) ४० केएन भाराला आणलीत ना, तेही बघा.

नंतर तापमान. डांबरात ३९ अंश असताना ९०० एमपीए आला, तर ३५ अंशाला तो १.२० पट, साधारण १०८०. सबग्रेडची मोजणी हिवाळ्यातली असेल तर ७० चे पावसाळी मूल्य जेमतेम ५९ होतं, आणि ओव्हरलेला तेच लागतं. या सगळ्या दुरुस्त्या झाल्यावर १५ वा पर्सेंटाइल (ज्याच्या खाली फक्त १५ टक्के मूल्यं येतात) काढा. सरासरी घेतली तर निम्मा रस्ता डिझाइनपेक्षा कमजोर राहील.