शेकापला दाभाडीने फोडलं की सत्तेने?

बांधकरी : १९५० साली मालेगाव तालुक्यातल्या दाभाडीला शेतकरी कामगार पक्षाने, म्हणजे शेकापने, प्रबंध मांडून मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला, तिथेच पक्षाला तडा गेला असं माझं ठाम मत आहे. पक्षाचे संस्थापक नेते केशवराव जेधे ब्राह्मणेतर चळवळीतून आलेले. त्यांच्यामागचा शेतकरी काँग्रेसमधल्या शेटजी-भटजींवर चिडून बाहेर पडला होता. त्याला मान हवा होता, मालाला भाव हवा होता. त्याच्यापुढे पोथी उघडली की तो पारावरून उठून जातो. १९५४ ला जेधे काँग्रेसमध्ये परतले, यात नवल कसलं?

अलिबागकर : साफ नामंजूर. मार्क्सवादाचा आग्रह धरणारे शंकरराव मोरेही शेवटी काँग्रेसमध्येच गेले ना? मग दोष दाभाडीच्या प्रबंधाचा कसा? उलट पक्षातल्या दत्ता देशमुखांचा गट फुटला तो डावीकडे. आणि शेतकऱ्याला वर्गसंघर्ष नको होता, हे आमच्याकडे येऊन सांगा. अलिबागजवळच्या चरीच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षं खोतांची, म्हणजे जमीनदारांची, जमीन कसली नाही. रानातून लाकूडफाटा आणून विकला, पण नांगर धरला नाही. पोथी नंतर आली, भांडण आधीचं.

बांधकरी : चरीला माझा दंडवत. पण कूळकायद्याने जमीन नावावर झाली की तोच कूळ मालक होतो. मग त्याच्या बांधावर राबणाऱ्या मजुराचं काय? पक्षाच्या नावात शेतकरीही आहे आणि कामगारही. मजुरी वाढवा म्हटलं की भांडण घरातच.

माणदेशी : हा मुद्दा बरोबर. पण तुम्ही दोघं माणसं विसरताय. सांगोल्यातून शेकापचे गणपतराव देशमुख, आमचे आबा, ११ वेळा आमदार म्हणून निवडून आले. आमचे आजोबा वारकरी, मार्क्सचं एक पान वाचलेलं नाही. तरी मतदानाला सकाळी अंघोळ करून, बुक्का लावून रांगेत पहिले. का, विचारलं तर म्हणायचे, "आबा यष्टीनं येतो, पाण्यासाठी भांडतो."

अलिबागकर : भाई, यष्टीने येणारा आमदार त्या शिस्तीतूनच घडला. शेकापचे नेते एन. डी. पाटीलही त्यातलेच. साखर कारखाने, जिल्हा बँका काँग्रेसवाल्यांच्या हातात, म्हणून जाणारे तिकडे गेले. त्यांचं खापर विचारावर का फोडता?

बांधकरी : एन. डीं.बद्दल दुमत नाही. पण शिस्त एवढी पक्की होती, तर मराठवाड्यात उद्धवराव पाटील, कंधारचे केशवराव धोंडगे या शेकाप नेत्यांच्या पश्चात पक्ष का उरला नाही? तिथे कुठे होते एवढे कारखाने?