वेशीवरचा वीरगळ देवळापुढे आणला, हे बरोबर झालं का?

गावशिवार (धागाकर्ता)
रस्ता रुंद करताना आमच्या वेशीबाहेरचा वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, जेसीबीने उचलला आणि देवळापुढे ओटा बांधून सिमेंटमध्ये पक्का केला. शेजारी फलक लागलाय : 'मोगलांशी लढताना धारातीर्थी पडलेल्या वीराचे स्मारक.' लहानपणापासून हीच कथा ऐकली. एकट्याने खिंड अडवली, जिथे पडला तिथे दगड उभा राहिला.

माझं मत, दगड परत खिंडीच्या तोंडाशी न्यावा, नव्या रस्त्याच्या कडेला. खालच्या चौकटीत आडवा पडलेला वीर आणि त्याच्यामागे पाच गाई आहेत, शेवटची मान वळवून बघणारी. त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, माथ्याला कलश आणि चंद्रसूर्य. गाई कोरल्यात म्हणजे झुंज गोधनासाठी झाली. नेमक्या त्याच आता अर्ध्या सिमेंटखाली गेल्यात.

जुनावाडा
साफ चूक. वेशीवर होता तेव्हा त्यावर पोरं कोयत्याला धार लावायची, ट्रॅक्टरच्या धडकेने एक कोपरा उडाला. तेव्हा कुठे होतं हे प्रेम? बंगळूरच्या संग्रहालयातला अटकूरचा दगड बघा. मंड्याजवळच्या गावातला, दहाव्या शतकातला. रानडुकराशी झुंजून मेलेल्या काळी नावाच्या कुत्र्याचं स्मारक, आणि त्यावर कोरलेल्या लेखात चोळांविरुद्धच्या तक्कोलमच्या लढाईची (949) हकीकत. गाव सोडलं म्हणून काय बिघडलं त्याचं?

गावशिवार
त्याच्यावर कन्नड लेख आहे हो! कुठेही ठेवा, कोण कुणाशी लढलं हे तो स्वतः सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतं. आमच्या दगडाजवळ दोनच गोष्टी होत्या, चौकटी आणि जागा. जागा गेली, चौकट झाकली. पोळ्याला बैल त्याच्यापुढे थांबवून नारळ फोडायचे. मोगलांशी लढलेल्यापुढे बैल कशाला?

पायवाट
पोळ्याला बैल वेशीतूनच जातात, त्यावरून काही सिद्ध होत नाही. आणि ती जागा तरी मूळची कशावरून? देवळांच्या जीर्णोद्धारात वीरगळ इकडचे तिकडे झालेत, कुठे पायरीला लागलेत, कुठे धुण्याचा दगड झालेत. तुमचा वाचला तो त्या कथेमुळेच. पोरं आज थांबून हात जोडतात. फलक काढलात तर उद्या कोण विचारणार?

खाडीकाठ
बोरिवलीच्या एक्सरचे वीरगळ पाहिलेत का? त्यांवर वल्ही मारणारी जहाजं आणि समुद्रातली लढाई कोरली आहे. तेराव्या शतकात यादव राजा महादेव आणि शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात झालेल्या युद्धाशी अभ्यासक ती जोडतात. चित्र आणि किनारा एकत्र आहेत म्हणून तो धागा लागला. तेच दगड सोलापूरच्या माळावर उभे केले असते तर?

जुनावाडा
हे पटलं. तरी पुन्हा जेसीबी नको. मधल्या चौकटीत आडवी भेग आहे, उचलताना दोन तुकडे होतील. सिमेंट तेवढं फोडून काढा.

गावशिवार
भेग मीही पाहिली, म्हणून परत नेण्याचा हट्ट सोडतो. पण सिमेंटवर छिन्नी आपण नाही चालवायची, एक घाव चुकला तर गाई गेल्या. पुरातत्त्व खात्याला अर्ज लिहितोय, ग्रामसभेतही मांडतो. फलकावर मोगलांची कथा 'गावात सांगतात' म्हणून राहू दे. खाली गाईंबद्दल एक ओळ, आणि दगड आधी खिंडीच्या तोंडाशी होता हेही.

पायवाट
या फलकाला माझी हरकत नाही. जुन्या जागीही एक खूण ठेवा, पोळ्याचा नारळ तिथेच फुटू दे.